जाता जाता एक विचारू का?

माझ्या तपासणीच्या खोलीचं दार आतल्या बाजूला उघडतं. बाहेर पडणाऱ्याला ते ओढताना एक पाऊल मागे यावं लागतं. मूल कडेवर असतं, चिठ्ठी पिशवीत गेलेली असते, पुढचा पेशंट बाहेर उभाच असतो. तेवढ्यात मान वळते आणि प्रश्न येतो, "डॉक्टर, जाता जाता एक विचारू का?"

बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला चोवीस वर्षं झाली. त्यातली पहिली सहा वर्षं या वाक्यानं माझ्या कपाळावर आठी यायची. इतका वेळ समोर बसला होतात, तेव्हा काय झालं होतं विचारायला? तेव्हा टेबलावर एक घंटी असायची. प्रश्न पुरता होण्याआधीच माझा हात त्या घंटीकडे गेलेला असायचा.

आता टेबलावर घंटी नाही. ती का गेली ते सांगायचंय, पण आधी परवाचा दिवस सांगते. माझे बहुतेक दिवस असेच असतात.

सकाळी आठला नवजात बाळांची फेरी. आदल्या दिवशी जन्मलेली चार बाळं होती. प्रत्येकाच्या डोळ्यांत प्रकाश टाकून आतली लाल चमक पाहायची (ती पांढुरकी दिसली तर डोळ्याच्या डॉक्टरांना लगेच फोन), टाळूवरून बोट फिरवायचं, हृदय ऐकायचं, जांघेतली नाडी चाचपायची, खुब्याचे सांधे हळूच बाहेर वळवून ते निसटत नाहीत ना ते बघायचं. जांघेतली नाडी कुणाला फारशी महत्त्वाची वाटत नाही. बाळ पाय झाडत असतं आणि बोटाखाली ती पटकन सापडत नाही. पण महाधमनी जन्मतः अरुंद असेल तर पहिला इशारा अनेकदा तिथेच मिळतो, म्हणून सापडेपर्यंत मी हलत नाही.

पलीकडच्या खोलीत तिसऱ्या दिवसाचं एक बाळ होतं. जन्मवजन ३.१ किलो, आज २.९. आईचा चेहरा उतरलेला. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा-चौदा दिवसांत भरून येतं, हे मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली, पण डोळे काही निवले नाहीत. मी वळले तशी तिनं उशीखालून घडी केलेलं डायपर काढलं. सकाळपासून लपवून ठेवलं होतं. त्यावर विटकरी-गुलाबी डाग होता. "रक्त आहे ना हे?" तिनं इतक्या हळू विचारलं की शेजारी बसलेल्या सासूबाईंना ऐकू जाऊ नये. ते रक्त नव्हतं. पहिल्या दिवसांत दूध कमी असतं, लघवी घट्ट होते आणि त्यातले युरेटचे कण असा डाग सोडतात. दूध वाढलं की जातो. पण पाचव्या दिवशीही दिसला तर मला कळवायचं, म्हणजे दूध पुरतंय का ते बघता येईल. मग मी तिच्याजवळ बसून बाळ कसं धरते ते पाहिलं. नुसतं स्तनाग्र तोंडात जात होतं, भोवतीचा काळा भाग बाहेरच राहत होता. बाळाची हनुवटी जरा खाली घेतली आणि दोन मिनिटांत गिळण्याचा आवाज यायला लागला. वजनाचा प्रश्नही त्या डायपरच्या घडीतच होता म्हणायचा.

दहाला ओपीडी. मूल आत आलं की मी पहिली तीस-चाळीस सेकंदं काहीच करत नाही. म्हणजे करते, पण ते दिसत नाही. पालक बसतात, पिशवी ठेवतात, फाइल शोधतात, तेवढ्यात मी मूल बघून घेते. आईच्या खांद्यावर मान टाकलीय की ताठ आहे? डोळे खोलीभर फिरताहेत का? माझ्या पेनाकडे हात येतोय का? १०३ फॅरनहाइट ताप असूनही पेन ओढणाऱ्या मुलाची मला फार काळजी वाटत नाही. १०० ताप असलेलं मूल जर कशाकडेच बघत नसेल, तर मात्र बाकीची ओपीडी थांबते.

मग श्वास. कपडा वर करून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंदं मोजून चारनं गुणायचं नाही. लहान बाळांचा श्वास मध्येच पळतो, मध्येच थबकतो, गुणाकारात त्याची वाट लागते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६०, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४०. आकडा इथे पोचला की न्यूमोनियाचा विचार करायचा. इतका साधा हिशेब, त्याला यंत्र लागत नाही. लागतं ते शांत मूल, आणि तेच मिळत नाही.

आठ-नऊ महिन्यांनंतर मुलं अनोळखी माणसाला बघून भोकाड पसरतात. ओळखीचे चेहरे वेगळे काढता येऊ लागल्याची ती खूण असते, म्हणून मी ते मनाला लावून घेत नाही. पण रडण्यात छातीतलं काही ऐकू येत नाही. त्यामुळे आधी हृदय आणि छाती, तेही आईच्या मांडीवरच. मग पोट. कान आणि घसा अगदी शेवटी, कारण त्यानंतर आमची मैत्री संपलेली असते. शिकत असताना मी पुस्तकातल्या क्रमानं डोक्यापासून सुरुवात करायची. माझ्या वरिष्ठ बाई लांबून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तू तपासत नाहीयेस, भांडतेयस." परवा एका चार वर्षांच्या मुलीनं आत येतानाच अट घातली, जीभ दाबायची पट्टी नको. मी म्हटलं बरं, कुत्रा धावून दमला की कसं करतो? तिनं जीभ बाहेर काढून ह्या ह्या केलं. जीभ खाली गेली, टॉन्सिल लख्ख दिसले. लाल होते, पू नव्हता, नाक गळत होतं. व्हायरल.

व्हायरल या शब्दावर पालकांचा राग आहे. त्यांना वाटतं, डॉक्टरला काही कळलं नाही की तो हा शब्द वापरतो. कधीकधी खरंही असतं ते. पण शाळेत नुकत्याच जायला लागलेल्या मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होते आणि प्रत्येक खोकला दहा-पंधरा दिवस रेंगाळतो. गुणून बघा, वर्षातले अडीच-तीन महिने झाले. "हा सारखाच आजारी असतो" ही तक्रार चुकीची नाही, त्या वयाचं ते गणितच आहे. त्यावर प्रतिजैविक देऊन दोन दिवसही वाचत नाहीत. तरी "काहीतरी स्ट्राँग द्या" हे मी रोज ऐकते. औषध लिहायला अर्धं मिनिट पुरतं, ते का लिहीत नाही हे समजावायला दहा. दुपारी दोन वाजता, बाहेर पंधरा जण बसलेले असताना, ती दहा मिनिटं कुठून आणायची हे मला कुणी शिकवलं नाही. काही वेळा मी हरते आणि लिहून देते. त्या रात्री स्वतःवरच चिडलेली असते.

तापाच्या औषधाचं मात्र मी कितीही घाई असली तरी बोलते. पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर. किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास. घरात मागच्या तापाची बाटली असते आणि डोक्यात मागच्या वेळचं वजन. त्यात थेंबांचं औषध सिरपपेक्षा कितीतरी पट तीव्र असतं, आणि सिरपचा मोजमाप-चमचा भरून थेंबांची बाटली रिकामी करणारे पालक मी पाहिलेत. शिकलेले, काळजी घेणारे, रात्री तीनला अर्धवट झोपेत असलेले. म्हणून बाटली समोर आणायला सांगते आणि तिच्यावरच पेनानं रेघ मारून देते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सिअसच्या वर ताप आला तर रेघ नाही, बाटली नाही, थेट घेऊन यायचं, रात्र असली तरी.

मध्येच एक आजोबा नातीला घेऊन आले. नात बारीक आहे, शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा कसा गुटगुटीत. मी वाढीचा आलेख काढला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली आणलेले हे आलेख सहा देशांतल्या साडेआठ हजारांच्या आसपास मुलांना मोजून केलेत. त्यावर नातीचे ठिपके दीड वर्ष एकाच रेषेवरून चालले होते. रेषा खालची होती, पण ती सोडली नव्हती. वरच्या रेषेवरून घसरणारं गुटगुटीत मूल मला जास्त टोचतं. आजोबांना हे पटलं नाही. आलेखाला शेजारचा मुलगा दिसत नाही, असा काहीतरी त्यांचा आक्षेप होता.

आता घंटीचं.

माझ्या सहाव्या वर्षातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी, उलट्यांची साथ. त्या दिवशी मी उलट्या-जुलाबाची वीसेक मुलं पाहिली असतील. साखर-मीठ-पाण्याचं गणित तोंडपाठ झालं होतं. त्यात आठ महिन्यांचा एक मुलगा आला. दोनदा उलटी, मध्येमध्ये रडणं, शी सकाळी नेहमीसारखी. माझ्यासमोर तो आईच्या मांडीवर शांत बसला होता. जरा जास्तच शांत होता, हे आज कळतं. पोट दाबलं, मऊ होतं. रडलाही नाही. मला बरं वाटलं, पोरगं सहकार्य करतंय. ओआरएस लिहिलं, थोडं थोडं पाजत राहा म्हटलं.

आई उठली. दाराशी गेली. "डॉक्टर, जाता जाता एक सांगू का? हा रडतो आणि मग एकदम गप्पच होतो. परत तसाच रडतो. घड्याळ लावल्यासारखं. याचं नेहमीचं रडणं नाही हो हे."

मी म्हटलं, "पोटात मुरडा येतो तेव्हा असंच होतं." आणि घंटी वाजवली.

रात्री साडेदहाला फोन आला. लंगोट बदलताना लाल, जेलीसारखं काहीतरी दिसलं. ऐकता ऐकता माझे हात गार पडले. तिनं दाराशी जे सांगितलं होतं ते पाठ्यपुस्तकातलं वाक्य होतं. परीक्षेत विचारलं असतं तर मी झोपेतून उठून उत्तर दिलं असतं. लहान आतड्याचा तुकडा पुढच्या आतड्यात शिरतो, दुर्बिणीच्या नळ्या एकीत एक सरकाव्यात तसा. दर पंधरा-वीस मिनिटांनी कळ येते, मूल पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, कळ गेली की मलूल पडतं. लाल शी उशिरा दिसते. तिची वाट बघायची नसते.

मी रुग्णालयात पोचले तेव्हा त्याला सलाईन लागलं होतं. मी त्याच्या पोटावर हात ठेवून नुसती बसले. या वेळी घड्याळ समोर ठेवून. अकरा मिनिटं काही नाही. मग त्याचे दोन्ही पाय एकदम वर आले, चेहरा पांढरा पडला आणि तो ओरडला. कळ ओसरल्यावर उजव्या बरगडीखाली बोटांना ती लागली, अंगठ्याएवढी, लांबट, जराशी वाकलेली गाठ. संध्याकाळी मी पोट दाबलं होतं ते कळेच्या मधल्या वेळात, तेही वीस सेकंदं.

सोनोग्राफीत वर्तुळात वर्तुळ दिसलं. शस्त्रक्रिया करणारे सर तयारीत बाजूला उभे राहिले आणि सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी गुदद्वारातून नळी घातली. सलाईनची बाटली टेबलापासून साधारण एक मीटर उंच टांगली. एवढंच. पाण्याच्या दाबानं आतलं आतडं मागे ढकलायचं. पडद्यावर काळं पाणी चढत गेलं आणि एका जागी अडलं. तिथे ती वर्तुळं होती. कुणी बोलत नव्हतं. वर्तुळं जराशी मागे सरकली, थांबली, आणखी सरकली. उजव्या कोपऱ्यात खाली येऊन बराच वेळ तिथेच अडून बसली, आणि मग बांध फुटावा तसं पाणी पलीकडच्या लहान आतड्यात घुसलं. सर म्हणाले, "झालं." आणि हातमोजे काढायला लागले. त्यांना पोट उघडावं लागलं नाही. आणखी काही तासांनी आला असता तर ते आतडं वाचलं असतंच असं नाही.

बाहेर आई बाकावर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, "तुम्ही मला संध्याकाळी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे." ती रागावेल अशी मी तयारी केली होती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "तुम्ही घंटी वाजवलीत ना, तेव्हा मला वाटलं, मीच जरा जास्त करतेय. म्हणून मग रात्रीपर्यंत थांबले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटी कपाटात टाकली. आता चिठ्ठी लिहून झाली की पेनाला टोपण लावते, पेन खाली ठेवते आणि विचारते, "आणखी काही?" मग गप्प बसते. हे गप्प बसणं फार अवघड आहे. पाच सेकंदं सुद्धा लांबच लांब वाटतात.

नव्वद टक्के वेळा काही निघत नाही. दात उशिरा येताहेत. डोकं मागून चपटं दिसतं. भावाच्या मुलाच्या रक्ततपासणीचा फोटो मोबाइलमध्ये आहे, जरा बघता का. बाहेरचे लोक कुरकुरतात, माझी दुपार रोज तासभर पुढे सरकते, आणि मोबाइलवरच्या शीचे फोटो तर जेवणाच्या वेळेलाच येतात, हा निसर्गनियम असावा.

परवाचंच सांगते. सहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन एकटीच आई आली होती. संध्याकाळी तीन-तीन तास रडतं. वजन छान वाढलेलं, तपासणीत काही नाही. बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं, हे सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. पेन खाली ठेवलं, विचारलं. नाही म्हणाली. उठली, दार ओढलं, एक पाऊल मागे आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल मी त्याला पलंगावर जरा जोरात टेकवलं."

मी तिला परत बसवलं. बाहेरच्या दोन पेशंटना थांबा म्हणून निरोप दिला. बाळाला पुन्हा पूर्ण उघडं करून नखशिखांत पाहिलं, टाळू, डोळे, बरगड्या, हातपाय. कुठे वळ नाही, सूज नाही, बाळ माझ्याकडे बघून हसलं. मग आईकडे वळले. झोप किती होते, भूक लागते का, रडू येतं का, नको ते विचार येतात का. हे प्रश्न आडून विचारायचे नसतात, सरळ विचारायचे असतात. ती चार दिवसांत सलग दोन तासही झोपली नव्हती. मी म्हटलं, असं वाटायला लागलं की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवायचं, दार लोटायचं आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं. रडू दे. रडण्यानं त्याला काही होत नाही, गदागदा हलवण्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तिच्यासमोरच तिच्या बहिणीला फोन लावला, रात्रीचं एक पाजणं कोण सांभाळणार ते ठरवलं. मनोविकारतज्ज्ञ मैत्रिणीची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. माझ्या फाइलमध्ये पेशंट म्हणून बाळाचं नाव आहे. त्या दिवशी पेशंट ती होती.

रात्री पावणेअकराला फोन वाजला. चौदा महिन्यांची मुलगी, ताप, वडिलांना श्वास जोरात वाटतोय. म्हटलं, झोपलीय ना? कपडा वर करा, पोट वर गेलं की एक, मोठ्यानं मोजा, मी घड्याळ बघते. त्यांनी मोजायला सुरुवात केली. अकरा, बारा. मध्ये चुकले, परत पहिल्यापासून. मिनिट भरलं तेव्हा छत्तिसावर होते. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का? नाही. मगाशी पाणी प्यायली का? हो, पेला हिसकावून घेतला. ठीक आहे, सकाळी घेऊन या, मध्ये श्वास वाढला, पिणं थांबलं किंवा उठवूनही जागी होईना तर तडक रुग्णालयात न्या, आणि मला फोन करा.

"बरं डॉक्टर, ठेवतो."

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"डॉक्टर, अजून एक होतं. हिच्या आईलाही संध्याकाळपासून ताप आहे. तिनं अंगावर पाजलं तर चालेल का? आम्ही दुपारपासून बंद केलंय."

"चालेल," मी म्हटलं. "आत्ताच घेऊ दे जवळ."